साठ तासांत काय शिकवायचं नाही?

वाचकाचं पत्र

‘मी परभाषिक प्रौढांना आमच्या भागातली भाषा शिकवते. एका मोठ्या रुग्णालयाने बाहेरून आलेल्या २४ परिचारिकांसाठी ६० तासांचा अभ्यासक्रम तयार करून शिकवायचं काम माझ्याकडे दिलं आहे. आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास. आधी त्यांच्या गरजा समजून घ्याव्यात म्हणून मी ३५ प्रश्नांची प्रश्नावली वाटली. बहुतेकींनी ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या सगळ्यांपुढे “अत्यंत महत्त्वाचे” अशी खूण केली आहे. “कशासाठी शिकायचं आहे?” याचं उत्तर “अस्खलित बोलता यावं” आणि “व्याकरण पक्कं व्हावं”. प्रशासनाचं म्हणणं, त्यांना अहवाल लिहिता आले पाहिजेत. मेट्रन म्हणतात, पेशंट काय बोलतो ते कळलं तरी पुरे. काही जणींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांना घरमालकाशी आणि मुलांच्या शाळेत बोलता यायला हवं आहे. माझे एक सहकारी म्हणतात, गरजा-बिरजा सगळं थोतांड आहे, पुस्तक उघडा आणि पहिल्या धड्यापासून सुरू करा. वर्ग सुरू व्हायला तीन आठवडे उरले आहेत. मी कुणाचं ऐकू?’

– एक शिक्षिका

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती म्हणजे ६० हा आकडा, आणि नेमकं त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

इंग्रजीच्या बाबतीत केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने एक ढोबळ अंदाज दिलेला आहे. युरोपीय परिषदेने २००१ मध्ये भाषेच्या सहा पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली, ए१ पासून सी२ पर्यंत. त्यातल्या दुसऱ्या, म्हणजे ए२ पातळीवर यायला शिक्षकाबरोबरचे साधारण १८० ते २०० तास लागतात आणि बी१ ला ३५० ते ४००. तुमची भाषा वेगळी, तुमच्या विद्यार्थिनींच्या मातृभाषा वेगळ्या. त्यांना कमी लागतील किंवा जास्त. पण ६० तासांत ‘अस्खलित’ हा शब्द बसत नाही, एवढं तरी यावरून कळतंच. प्रशासन, मेट्रन आणि परिचारिका या तिघांनी मागितलेलं सगळं त्यात बसवायला गेलात, तर प्रत्येक गोष्टीला जेमतेम हात लागेल आणि हाती काहीच लागणार नाही.

गरजांचा शोध यासाठीच घ्यायचा. तुम्ही प्रश्नावली वाटलीत आणि यादी वाढली. आता असं काहीतरी करायला हवं, की ती यादी कापता येईल. काय शिकवायचं हे तर कोणतंही पुस्तक सांगतं. काय सोडून दिलं तरी चालेल, हे सांगणारं पुस्तक मला अजून भेटलेलं नाही. ते फक्त त्या वॉर्डात कळतं.

तुमच्या सहकाऱ्यांना थोतांड वाटतं, त्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगून टाकते. हा विचार काही नवा नाही. १९२० च्या दशकात ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगालमधल्या शाळकरी मुलांना इंग्रजी नेमकं कशासाठी लागतं हा प्रश्न विचारला होता, आणि या मुलांना बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज जास्त आहे असा निष्कर्ष काढला होता. (त्यांच्याकडे पुन्हा येऊ, त्यांची एक कल्पना तुमच्या फार कामाची आहे.) पुढे १९७८ मध्ये भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन मन्बी यांनी गरजा मोजायचं एक अवाढव्य यंत्रच तयार केलं. शिकणारा कोण, कुठे बोलणार, कुणाशी, कोणत्या माध्यमातून, कोणत्या बोलीत, कोणत्या सुरात, असे रकानेच रकाने. हे सगळं भरत बसलं की एक जाडजूड दस्तऐवज हाती येई. अभ्यासक्रम मात्र त्यातून आपोआप बाहेर पडत नसे. वेळ किती, खोली कुठली, शिक्षक किती, या अडचणी त्या पद्धतीत मागाहून विचारात घ्यायच्या होत्या. आणि शिकणाऱ्याबद्दलची माहिती खुद्द शिकणाऱ्याला फारसं न विचारता गोळा होई. तुमच्या सहकाऱ्यांनी असले रकाने पाहिले असतील, तर त्यांचा वैताग मला समजतो. पण त्यावरचा उपाय ‘पहिला धडा उघडा’ हा नाही. पहिला धडासुद्धा कुणाच्या तरी गरजा गृहीत धरूनच लिहिलेला असतो. त्या तुमच्या परिचारिकांच्या नसतात, एवढंच.

आता तुमच्या प्रश्नावलीकडे वळू. ती फेकून देऊ नका, पण तिने काय विचारलं हे नीट पाहा. ‘हे किती महत्त्वाचं आहे?’ असं विचारलं आणि ‘खूप’ म्हणायला काही खर्च येत नसला, तर कुणीही ‘खूप’च म्हणणार. शिवाय ती कुणी गोळा केली? प्रशासनाच्या माणसाने केली असेल, तर ते उत्तर गरजेचं नाही, नोकरीतल्या सावधपणाचं आहे. ती कोणत्या भाषेत होती? जी भाषा त्यांना येत नाही तिच्यातच असेल, तर खुणा करून मोकळं होणं हा त्यांच्यापुढचा शहाणा मार्ग होता. आणि ‘व्याकरण पक्कं व्हावं’ हे तर शाळेत भाषा शिकलेला प्रत्येक जण म्हणतो. भाषा शिकणं म्हणजे काय याबद्दलची ती त्याची आठवण असते.

माणसाला आपल्या भाषेबद्दल नीट सांगता येत नाही. आपल्या कामाबद्दल मात्र तो तासभर बोलतो. म्हणून मतं विचारू नका, घडलेलं विचारा. गेल्या दोन-तीन ड्यूटीत कुठे अडलात? समोर कोण होतं? ते काय म्हणाले, आठवेल तसं सांगा. तुम्ही काय केलंत? पुढे काय झालं? जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये कामाचा अभ्यास करायची जी पद्धत मांडली, ती हीच. लष्करी विमानचालकांच्या कामाचा अभ्यास करताना ती तयार झाली होती. ‘चांगल्या वैमानिकाचे गुण सांगा’ असं विचारण्यापेक्षा ‘काम फत्ते झालं किंवा फसलं तो एक प्रसंग सांगा’ असं विचारलं, की हाती ठोस काहीतरी लागतं. २४ जणींना स्वतंत्रपणे भेटायला तुम्हाला वेळ नाही. चार-चार जणींचे गट करा, प्रत्येक गटाला पाऊण तास द्या. एकीने एक प्रसंग सांगितला की बाकीच्यांना आपापले आठवतात. त्यांना ज्या भाषेत मोकळेपणाने बोलता येतं त्याच भाषेत बोलू द्या, लागला तर दुभाषी घ्या. ही परीक्षा नाही, हे त्यांना आधीच आणि स्पष्ट सांगा.

पण प्रसंग ऐकून थांबू नका. मेट्रनकडून परवानगी काढा आणि वॉर्डात जाऊन बसा. ध्वनिमुद्रण करू नका, पेशंटचं नाव-गाव-आजार टिपून घेऊ नका, आणि पेशंटला नको असेल तर उठून बाहेर या. फक्त बोलण्याच्या जागा टिपायच्या. ड्यूटी बदलते ती वेळ, नवा पेशंट दाखल होतो ती वेळ, ऑपरेशनच्या आधीची तयारी, आणि डिस्चार्ज. एवढ्या चार वेळा गाठल्यात तरी पुष्कळ.

तिथे काही गोष्टी अशा दिसतील, ज्या कोणत्याही प्रश्नावलीत कुणीही लिहीत नाही.

पहिली म्हणजे ‘हो’. परिचारिकेला कळलेलं नसतं, पण ती मान डोलावते, हसते, ‘हो हो’ म्हणते आणि पुढच्या खाटेकडे जाते. किंवा भाषा येणाऱ्या मैत्रिणीला हाक मारते. किंवा नातेवाइकाला विचारून काम भागवते. या सगळ्या पळवाटा तिने इतक्या सफाईने बसवलेल्या असतात, की आपली काही अडचण आहे हेच ती विसरलेली असते. आणि जी अडचण तिला दिसत नाही, तिच्यापुढे ती ‘अत्यंत महत्त्वाचे’ अशी खूण कशी करणार? माझ्या मते तुमच्या अभ्यासक्रमातला पहिला घटक इथून निघतो: न कळल्याचं कबूल करायची भाषा. ‘पुन्हा एकदा सांगता का?’, ‘हळू बोला, मी नवीन आहे’, ‘म्हणजे इथे दुखतंय, असंच ना?’, ‘मला नीट कळलं नाही, मी सिस्टरना बोलावते’. वाक्यं साधी आहेत, पण तोंडात बसायला वेळ लागतो. समोरचा घाईत असताना ‘कळलं नाही’ म्हणायला धीर लागतो, आणि तो धीर वर्गात पुन्हा पुन्हा म्हणून घेतल्यानेच येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ऐकण्याची आणि बोलण्याची गरज सारखी नसते. पुस्तकात ‘दुखतं’ हे एक क्रियापद असतं. पेशंटचं मात्र ठणकतं, त्याला कळ येते, चमक निघते, आग होते, मुंग्या येतात, पोट जड वाटतं, डोकं भणभणतं, जीव घाबरा होतो. आणि सगळ्यात अवघड तक्रार: ‘कसंतरीच होतंय.’ हे सगळं परिचारिकेला ऐकून कळलं पाहिजे. तिने स्वतः ‘भणभणतंय का?’ असं विचारायची गरज नाही, ‘कुठे दुखतंय, कधीपासून, कमी आहे की जास्त’ एवढ्यावर तिचं काम चालतं. म्हणजे ओळखायचे शब्द पुष्कळ आणि वापरायचे थोडे. हे एकदा ध्यानात आलं की तुमचे कितीतरी तास वाचतात. तीस शब्द ओळखू यायला लागणारा वेळ आणि तेच तीस शब्द वाक्यात वापरता यायला लागणारा वेळ, यात मोठा फरक आहे. सर्वसाधारण पुस्तक प्रत्येक शब्द चारही कौशल्यांतून फिरवतं. तुम्हाला तसं करायचं कारण नाही.

‘कसंतरीच होतंय’ यावर मात्र एक आख्खा तास द्या. इथे शब्द कळून भागत नाही. चक्कर येतेय का, मळमळतंय का, घाम आला का, छातीत दाटल्यासारखं वाटतंय का, असे एकामागून एक प्रश्न विचारत जावं लागतं आणि प्रत्येक उत्तर झेलत पुढचा प्रश्न ठरवावा लागतो.

तिसरी गोष्ट म्हणजे आदर. बऱ्याच जणी वॉर्डात ऐकून ऐकून ‘ऊठ’, ‘झोप’, ‘बस’ एवढं शिकलेल्या असतात, आणि सत्तरीच्या आजोबांना तेच सुनावतात. आजोबा दुखावतात, नातेवाईक तक्रार करतात, आणि तक्रारवहीत ‘उद्धट वागणूक’ अशी नोंद होते. त्या मुलीच्या वागण्यात काही खोट नव्हती, तिला फक्त ‘उठता का जरा?’ माहीत नव्हतं. प्रशासनाने ‘वर्तणूक प्रशिक्षण’ म्हणून वेगळा खर्च मांडायच्या आधी हे त्यांच्या कानावर घाला. ‘जरा कुशीवर वळता का’, ‘हात सैल सोडा’, ‘थोडं टोचेल हं’ अशी दहा-बारा वाक्यं बसली की निम्म्या तक्रारी मुळातच उद्भवणार नाहीत, असा माझा कयास आहे.

आता प्रशासनाची मागणी. ‘अहवाल लिहिता आले पाहिजेत’ असं ते म्हणतात, तेव्हा त्यांना कोरे फॉर्म मागा. केसपेपर, तापाचा तक्ता, ड्यूटी बदलतानाची नोंदवही, डिस्चार्जचा कागद, सगळ्याची एकेक प्रत. मग पाहा की त्यात स्थानिक भाषेत प्रत्यक्ष काय लिहावं लागतं. अशा नोंदी भलत्याच भाषेत होत असतात, किंवा आकडे आणि खुणा यांतच उरकतात, असं पुष्कळदा आढळतं. तसं निघालं तर एवढा मोठा दिसणारा लेखनाचा घटक तुमच्या यादीतून एका फटक्यात बाद होतो, आणि त्यासाठी भांडावंही लागत नाही. फॉर्म टेबलावर ठेवले की झालं. कदाचित वाचनाची छोटी गरज उरेल: जुने कागद, औषधाच्या चिठ्ठ्या, दारावरच्या सूचना. ज्यांच्या मातृभाषेची लिपी हीच आहे, त्यांना तेवढंही शिकवावं लागणार नाही.

मेट्रनचं म्हणणं मला सगळ्यांत वजनदार वाटतं, कारण त्या रोज ते काम पाहतात. पण त्यांच्याही शब्दाला मर्यादा आहे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक मायकेल लाँग यांनी गरजांच्या अभ्यासावर २००५ मध्ये जे पुस्तक संपादित केलं, त्यात हा मुद्दा त्यांनी ठासून मांडला आहे: कामातला जाणकार कामाबद्दल बिनचूक सांगतो, भाषेबद्दल तो सहसा चुकतो. मेट्रनना विचारायचं ते ‘कोणती भाषा शिकवू?’ असं नाही, ‘नव्या परिचारिकेच्या हातून कुठे काय बिघडतं?’ असं. मग त्या बिघाडात भाषेचा वाटा किती, हे तुम्ही ठरवायचं. लाँग यांचा आग्रह असा की एकाच स्रोतावर किंवा एकाच पद्धतीवर विसंबू नये. मुलाखतीत जे कळतं ते निरीक्षणाशी ताडून पाहावं, आणि अभ्यासक्रमाचं एकक शब्द किंवा व्याकरणाचा नियम न धरता प्रत्यक्ष काम धरावं. तुमच्या परिस्थितीत हे अगदी लागू पडतं.

आणखी एका माणसाला भेटाच, जिला कुणीच विचारत नाही: चार-पाच वर्षांपूर्वी अशीच बाहेरून आलेली आणि आता फाडफाड बोलणारी परिचारिका. पहिल्या महिन्यात काय अडलं, हे तिला लख्ख आठवतं. काय आपोआप येऊन जातं, हेसुद्धा तीच सांगू शकते. आकडे, वेळा, ‘या-बसा’, अवयवांची नावं या गोष्टी वॉर्डात पंधरा दिवसांत कानावर पडून बसतात असं तिने सांगितलं, तर त्यावर वर्गातले चार तास का घालवायचे?

हा प्रश्न यादीतल्या प्रत्येक गोष्टीला विचारत चला. हे किती वेळा लागतं? चुकलं तर काय होईल? आणि वर्गाबाहेर आपोआप शिकता येईल का? रोज लागतं, पण चुकलं तरी बिघडत नाही आणि कामावर आपोआप येतं, ते सोडून द्या. वर्षातून क्वचित लागतं, पण चुकलं तर जिवावर बेतेल, ते घ्याच. एखाद्या औषधाची ॲलर्जी विचारणं, पेशंट पडला तर काय झालं ते सांगणं, ऑपरेशनआधी पोट रिकामं आहे का याची खात्री करणं.

हे शेवटचं उदाहरण जरा उलगडून सांगते, म्हणजे गरजेपासून धड्यापर्यंत कसं जायचं ते दिसेल. परिचारिका विचारते, ‘काही खाल्लंय का?’ पेशंट म्हणतो, ‘नाही.’ त्याने सकाळी कपभर चहा घेतलेला असतो, पण त्याच्या मते चहा म्हणजे काही खाणं नव्हे. तो खोटं बोलत नाही, प्रश्नच आखूड पडला. तेव्हा धड्यात प्रश्न फोडून विचारायला शिकवायचं: काही खाल्लंत का, चहा-दूध काही प्यायलात का, पाणी प्यायलात का, गोळी घेतलीत का, शेवटचं केव्हा, किती वाजता? आता यातून व्याकरण काय निघतं बघा. भूतकाळ पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच लागतो. पुस्तकात तो बराच पुढे असतो, कारण आपल्या भाषेतला भूतकाळ किचकट: ‘गोळी घेतली’, ‘औषध घेतलं’, क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. पण इथे परिचारिकेने ‘गोळी घेतलं का?’ असं विचारलं तरी पेशंटला कळतं. ‘गोळी घेता का?’ असं विचारलं तर मात्र तो हात पुढे करेल. म्हणजे काळाची चूक सुधारायलाच हवी, लिंगाची सध्या कानाआड करता येते. कोणत्या चुकीवर बोट ठेवायचं आणि कोणती सोडायची, हेसुद्धा गरजच ठरवते. व्याकरणप्रेमी सहकाऱ्यांना हे फारसं आवडणार नाही, पण ६० तासांत सगळ्याच चुकांचा पाठलाग करता येत नाही. पुस्तक मात्र टाकून देऊ नका. भूतकाळाचे सराव, तक्ते, चित्रं त्यातून खुशाल उचला, फक्त क्रम तुमचा ठेवा.

आता वेस्ट यांची ती कल्पना. त्यांनी पाहिलं होतं की बहुतेक मुलं शाळा मध्येच सोडतात. मग ज्याचा उपयोग शेवटच्या वर्षीच सुरू होतो असा अभ्यासक्रम त्यांच्या काय कामाचा? त्यांनी विम्याच्या धंद्यातली एक कल्पना उसनी घेतली: पॉलिसी मध्येच मोडली तर हाती काय पडतं? अभ्यासक्रम अर्धवट सुटला तरी तोवरच्या शिकण्याचा काहीतरी परतावा मिळाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. तुमच्या २४ जणींपैकी काहींची बदली होईल, काहींना रात्रपाळी लागेल, काही नोकरी सोडतील. म्हणून प्रत्येक घटक स्वतःच्या पायावर उभा राहील असा बांधा. तिसऱ्या आठवड्यात गेलेली मुलगीसुद्धा ‘कळलं नाही, पुन्हा सांगा’ आणि ‘कुठे दुखतंय, कधीपासून’ एवढं घेऊन गेली पाहिजे. आधी दहा तास मुळाक्षरं, मग दहा तास नामं आणि विभक्ती, मग कधीतरी संभाषण, अशा रचनेत मध्येच गेलेल्याच्या हाती भोपळा येतो.

घरमालक आणि मुलांची शाळा यांचं काय? हचिन्सन आणि वॉटर्स या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांच्या जोडीने १९८७ मध्ये गरजांचे तीन पदर वेगळे केले: कामासाठी जे यायलाच हवं ते, त्यातलं जे अजून येत नाही ते, आणि शिकणाऱ्याला स्वतःला जे हवंसं वाटतं ते. हा तिसरा पदर अभ्यासक्रम आखताना बहुतेक वेळा गाळला जातो, कारण पैसे दुसरंच कुणीतरी देत असतं. पण बारा तासांची ड्यूटी करून जी बाई वर्गात येऊन बसणार, ती प्रशासनाच्या उद्दिष्टांसाठी फार दिवस बसणार नाही. तिच्या मुलाच्या शिक्षकांशी तिला चार वाक्यं बोलता आली, तर पुढच्या वेळी ती वही घेऊन येईल. या मागण्यांना आठ-दहा तास द्या आणि त्याबद्दल ओशाळू नका. फोनवर बोलणं, वेळ ठरवणं, तक्रार सांगणं, नकार देणं हे घरमालकाशी बोलताना शिकलं, तरी वॉर्डात वापरता येतंच.

नकाराचा उल्लेख मी मुद्दाम केला. याच क्षेत्रातल्या अभ्यासक सारा बेनेश यांनी १९९० च्या दशकापासून एक खोचक प्रश्न लावून धरला आहे: गरज म्हणतो ती नेमकी कुणाची? संस्थेला हवी तीच शिकणाऱ्याची गरज, असं आपण मुकाट मान्य करतो का? तुमचं रुग्णालय तुम्हाला सूचना समजून घ्यायची भाषा शिकवायला सांगेल. ‘हे माझ्या कामात बसत नाही’, ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय देता येणार नाही’, ‘मला सुई टोचली आहे, नोंद करा’, ‘माझी सलग दुसरी पाळी आहे’ ही वाक्यं शिकवा, असं कुणी सांगणार नाही. ती तुम्ही आपणहून घाला. यातली दोन पेशंटच्या सुरक्षिततेची आहेत आणि दोन तिच्या स्वतःच्या, त्यामुळे प्रशासनालाही हरकत घेता येणार नाही.

एक काळजी मात्र घ्या. या चौकशीत तुम्हाला कळेल की अमुक परिचारिकेला काहीच समजत नाही, तमुक जण सगळं ढकलून नेते. हे नावानिशी वर जाता कामा नये. एकदा गेलं की पुढे कुणी तुम्हाला खरं सांगणार नाही. अहवाल एकत्रित द्या.

सध्या कुणाला किती येतं, यासाठी लेखी चाचणी घेऊ नका. दोघी-दोघींना बोलावून सात-आठ मिनिटं गप्पा मारा: एक चित्र दाखवा, एक सूचना सांगून ती करायला लावा, एक ओळ वाचायला द्या. एकीला ऐकून बरंच कळतं पण वाचता येत नाही, दुसरीचं नेमकं उलटं, असं दिसेल. त्यांना एकाच पातळीचं लेबल चिकटवायची घाई करू नका. फरक फारच मोठा असला तर दोन तुकड्या मागा, १२ जणींच्या वर्गात बोलायची संधीही दुप्पट होते.

तीन आठवड्यांचं म्हणाल, तर पहिल्या आठवड्यात गटांच्या भेटी आणि फॉर्म, दुसऱ्यात वॉर्ड आणि छोट्या चाचण्या, तिसऱ्यात कापाकापी आणि पहिल्या पाच आठवड्यांचे धडे. सगळे वीस आठवडे आत्ताच आखू नका. दहाएक तास कोरे ठेवा. दर आठवड्याला वर्गाच्या सुरुवातीला विचारा, ‘या आठवड्यात काय वापरलंत, कुठे अडलात?’ त्या उत्तरांवर ते कोरे तास भरत जातील. शेवटी मूल्यमापनही त्याच कामांवर करा: एक जण पेशंट होईल, दुसरी विचारेल, आणि पेशंट ‘कसंतरीच होतंय’ म्हणेल.

कुणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंत. ऐका सगळ्यांचं. ठरवायचं मात्र तुम्ही, आणि ते लेखी ठरवा. प्रशासनाला एक पानी पत्र द्या: ६० तासांत काय येईल, काय येणार नाही, का येणार नाही. ‘येणार नाही’ हा भाग ठळक असू द्या, नाहीतर विसाव्या आठवड्यात ‘अस्खलित कुठाय?’ असा प्रश्न तुमच्याच टेबलावर येईल.

त्याच पत्रात एक अटही घाला, कारण शिकण्याची वेळ आणि जागा हीसुद्धा गरजच आहे. वर्गाचे दीड तास ड्यूटीत धरले जावेत, आणि रात्रपाळी करून आलेलीला त्या दिवशी वर्गाची सक्ती नसावी. याला होकार मिळाला नाही, तर आठवड्यात दीड-दीड तासाच्या दोन वर्गांऐवजी पाऊण तासाचे चार वर्ग वॉर्डाजवळच, ड्यूटी बदलायच्या वेळेला लागून घ्यायची तयारी दाखवा. दोन्हीपैकी जे मान्य होईल त्यावर पहिल्या वर्गाआधी सही घ्या.